कोणी पाहिलं, त्याची नोंद

पुसदच्या ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथल्या डेटाबेसचा पासवर्ड मला कोणी सांगायची गरजच पडली नाही. तो नोंदणीच्या खिडकीतल्या कम्प्युटरच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेला होता. खिडकीपुढं रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही तो वाचता आला असता. प्रयोगशाळेत तोच पासवर्ड, सिस्टरांच्या टेबलावर तोच, डॉक्टरांच्या खोलीतही तोच.

मी पुण्याहून परत आले होते. तिथे एका कंपनीत हेच काम करायची, म्हणजे डेटाबेसचे सर्व्हर सांभाळायची. पण ते सर्व्हर मी कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. कुठल्या शहरात आहेत हेही नीट माहीत नव्हतं. इकडे फुलसावंगीला मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, लहान भावानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलं होतं, घरी कोणीतरी हवं होतं. काही महिन्यांसाठी म्हणून आले. मग पुसदला एका ट्रस्टच्या दवाखान्याला कम्प्युटरचं माणूस हवं आहे असं कळलं, आणि राहिलेच.

इथला सर्व्हर डोळ्यांपुढं होता. एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत, लोखंडी टेबलावर, काळ्या पेटीसारखा. त्याच्याखाली यूपीएस, वर भिंतीवर एसी, आणि दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. ती पाटी माझ्या आधीच्या माणसानं लावली होती. ते मूळचे दवाखान्याच्या प्रयोगशाळेतले. कम्प्युटर आपल्या आपण शिकले आणि सगळी व्यवस्था त्यांनीच उभी केली. आता निवृत्त होऊन नागपूरला मुलीकडे राहायला जाणार होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागले. जाण्याआधी काही आठवडे त्यांनी मला सोबत बसवून काम समजावून दिलं.

त्या पेटीत काय होतं ते सांगायला हवं. आमच्या भागात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे दुखतात, माणूस थकतो, मूल वाढत नाही. आईबाप दोघांकडून तो दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट असतो, फक्त वाहक. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर त्यांच्या मुलाला आजार होऊ शकतो. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, तो आहे, आमच्या बौद्ध वस्त्यांत आहे, इतरांतही आहे. मी स्वतः वाहक आहे, माझा भाऊही. आमच्या दवाखान्यानं वर्षानुवर्षं गावोगावी शिबिरं घेतली, आश्रमशाळांत जाऊन मुलांचं रक्त तपासलं, आणि प्रत्येकाचं नाव, गाव, रक्ताचा निकाल त्या डेटाबेसमध्ये साठवला. अर्ध्या जिल्ह्याचं रक्त तिथं आहे, असं काका म्हणायचे.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट पुण्यात मला कोणी इतक्या चिकाटीनं शिकवली नव्हती. बॅकअप रोज आपोआप होत होता आणि यशस्वी झाल्याचा निरोपही येत होता. काका त्या निरोपाकडं ढुंकूनही पाहायचे नाहीत.

"बॅकअप झाला हे मशीन सांगते, बाई," ते म्हणाले. "आपण त्याले उघडून पाहाचं."

त्यासाठी त्यांनी एक जुना कम्प्युटर राखून ठेवला होता. दर महिन्याला बॅकअप त्याच्यावर उतरवायचा, डेटाबेस चालू करायचा, आणि नुकत्याच झालेल्या शिबिरातली चार-दोन नावं काढून पाहायची. मला हा वेळेचा अपव्यय वाटला होता. पण आम्ही दोघांनी मिळून केलेल्या पहिल्याच चाचणीत आर्णीकडच्या एका शिबिराचं अख्खं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, गायब निघालं. ते टेबल घाईत वेगळ्या जागी तयार झालं होतं आणि बॅकअपच्या आज्ञेत ती जागा नव्हती. मूळ सर्व्हरवर माहिती सुखरूप होती, म्हणून काही बिघडलं नाही. त्या दिवसापासून बॅकअप एकेका टेबलाचा घेण्याऐवजी सगळ्याच डेटाबेसचा घ्यायचा असं ठरलं. शिवाय त्याची एक प्रत दवाखान्याबाहेर, ट्रस्टच्या शाळेतल्या कपाटात जाऊ लागली. आग लागली किंवा छत गळालं तर दोन्ही प्रती एकाच इमारतीत असून काय उपयोग, हे काकांचं म्हणणं.

बाकीचं शिक्षण असंच, लहानसहान. यूपीएसच्या बॅटऱ्या मरायच्या आधी बदलायच्या, कारण लाइट जाते तेव्हाच त्या मेलेल्या असल्याचं कळतं. कोणताही बदल बाजाराच्या दिवशी करायचा नाही, त्या दिवशी खेड्यांतून गर्दी येते. माहिती पुसायची आज्ञा लिहिली की आधी त्याच अटीवर नुसती माहिती काढून पाहायची. जेवढी नावं पुसायची तेवढीच येतात का ते बघायचं, मगच पुसायचं. आणि कापसाच्या हंगामात दर आठवड्याला सर्व्हरचं झाकण उघडायचं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या बाजूनं वारा आला की कापसाचे बारीक तंतू खिडकीच्या फटीतून येतात आणि पंख्यात बसतात. काका रंगकामाच्या जुन्या ब्रशनं ते काढायचे, आणि निघालेला कापूस बोटांवर वळून मला दाखवायचे. पुण्याच्या कोणत्याही प्रशिक्षणात कापसाचा धडा नव्हता.

काका गेले, आणि एकाच पासवर्डचा विषय मी हाती घ्यायचं ठरवलं. दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर, त्यांना आम्ही मॅडम म्हणतो, त्यांच्याशी बोलले. त्या रागावल्या नाहीत, पण पटलंही नाही. सिस्टरांना एक पासवर्ड आठवत नाही, प्रत्येकीला वेगळा दिला तर गोंधळ होईल, पेशंट खोळंबतील, असं त्यांचं म्हणणं. इथे सगळी आपलीच माणसं आहेत, असंही म्हणाल्या. मी नवी होते. पुन्हा विचारीन असं मनाशी ठरवून गप्प बसले.

पुन्हा विचारायची वेळ एका बाईमुळं आली.

ती झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावरून आली होती. दोन बस बदलून, सकाळी निघालेली दुपारी पोचली. सोबत तिची मुलगी, पांढरकवड्याला कॉलेजात शिकणारी. नोंदणीच्या खिडकीवर त्या बाईनं केस पेपर काढला नाही. कम्प्युटर सांभाळणारा माणूस कोण, असं विचारत ती माझ्या खोलीपर्यंत आली आणि दारावरची पाटी वाचून मुलीनं तिला चपला काढायला सांगितल्या. दोघी अनवाणी आत आल्या. मी खुर्च्या दिल्या, तरी बाई उभीच राहिली.

मुलीचं लग्न ठरलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. मग मुलाकडच्यांनी एकाएकी निरोप पाठवला की मुलीच्या रक्तात दोष आहे, आम्हाला जमणार नाही. मुलगी वाहक होती हे खरं. आश्रमशाळेत असताना आमच्याच शिबिरात ते निघालं होतं. पण ते तिला आणि तिच्या आईला, दोघींनाच ठाऊक होतं. मुलाला स्वतः भेटून सांगायचं मुलीनं ठरवलं होतं, तसं ती सांगणारही होती. त्याआधीच कोणीतरी सांगून टाकलं. आता पोडावर, सोयऱ्यांत, सगळीकडं झालं होतं, आणि तिच्या धाकट्या बहिणीकडंही लोक तसंच पाहू लागले होते.

बाई हळू आवाजात बोलत होती. मध्येच मुलीशी कोलामीत काही बोलली, मग माझ्याकडं वळली.

"मॅडम, माह्या पोरीचं रक्त तुमीच नेलं. मंग ते सोयऱ्याच्या घरी कसं पोचलं?"

सर्व्हरमध्ये याचं उत्तर असण्याची शक्यताच नव्हती. सगळे एकाच नावानं आत येत होते, त्यामुळं कोणी काय पाहिलं याचा माग काढायचा तरी कुठून? मी त्यांना तसंच सांगितलं. मला माहीत नाही, आणि आजच्या व्यवस्थेत मला ते कळूही शकत नाही, पण मी ती व्यवस्था बदलीन. मुलीनं विचारलं, तुम्हाला माझं नाव दिसतं का. मी हो म्हणाले. सगळ्यांची दिसतात का. त्यालाही हो म्हणाले. तिनं मान हलवली आणि आईला म्हणाली, चल, बस निघून जाईल.

मी त्या दोघींना घेऊन आधी मॅडमकडं गेले. मॅडमनी त्यांचं सगळं ऐकलं. त्या दिवशी त्यांनी एकही शंका काढली नाही. दोघी गेल्यावर मला म्हणाल्या, तुला काय करायचं ते कर, किती वेळ लागेल तेवढं सांग.

काम सोपं नव्हतं, पण अवघडही नव्हतं. आधी मी प्रत्येक टेबलाजवळ जाऊन बसले आणि कोणाला कामासाठी नेमकं काय लागतं ते विचारलं. नोंदणीच्या खिडकीला नाव, गाव आणि कार्डाचा नंबर पुरत होता. रक्ताचा निकाल तिथे कोणालाच लागत नव्हता, तरी इतकी वर्षं तो पडद्यावर दिसत होता. प्रयोगशाळेला आज तपासायचे नमुने आणि त्यांचे निकाल लागायचे, जुने नाही. समुपदेशनाच्या टेबलाला निकाल लागायचे, पण समोर बसलेल्या माणसाचेच. त्याप्रमाणे प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आणि जेवढं लागतं तेवढंच दिसण्याची मुभा. हे सगळं मी आधी काकांच्या जुन्या कम्प्युटरवर करून पाहिलं. बरं झालं, कारण पहिल्या प्रयत्नात प्रयोगशाळेला आजचे नमुनेही दिसेनासे झाले होते. खऱ्या सर्व्हरवर तसं झालं असतं तर सकाळची सगळी रक्तं खोळंबली असती.

नवीन व्यवस्था सुरू करण्याआधी मॅडमनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. मी समजावून सांगितलं की यापुढं कोणी कोणाचं नाव उघडलं याची नोंद राहील. मागचं काही शोधायचं नाही, शोधता येणारही नाही, हेही सांगितलं. झरीकडच्या मुलीचं नाव न घेता काय झालं तेवढं मॅडमनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत समुपदेशनाच्या टेबलावरच्या सिस्टर माझ्या खोलीत आल्या. दवाखान्यातल्या सगळ्यांत जुन्या, प्रेमळ, खेड्यातल्या बाया त्यांच्याशीच बोलायच्या. मी त्यांना ताई म्हणायची. त्या खुर्चीवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "मीच सांगतलं. नवऱ्या मुलाचा चुलता इथंच राह्यते, तो विचारायले आलता."

मला वाटलं त्या रडतील. रडल्या नाहीत. त्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या मुलाबद्दल सांगितलं. आजारी मुलगा, सतत दवाखान्यात, रक्त चढवायचं, घरी न्यायचं, पुन्हा आणायचं. शाळेत जायच्या वयात गेला. बहीण आणि मेहुणा दोघंही वाहक होते, पण लग्नाच्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं. आता माहिती आपल्या समोर असताना विचारायला आलेल्याला गप्प राहून परत कसं पाठवू, असं त्यांनी मला विचारलं. लग्न ठरलेला तो मुलगाही वाहकच होता, असंही म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "पण त्या पोरीले आधी विचाराले पायजे होतं. तेवढं माह्या ध्यानात नाई आलं."

मी त्यांना सांगितलं की मॅडमना हे कळायला हवं, आणि तुम्हीच सांगितलं तर बरं. त्या माझ्यासमोरच उठल्या आणि गेल्या.

मॅडमनी त्यांना समुपदेशनातून काढून ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं. दवाखान्यात बऱ्याच जणांना ते आवडलं नाही. इतक्या वर्षांच्या बाईला एका पोरीच्या तक्रारीवरून हलवलं, आणि तेही कम्प्युटरवालीच्या नादानं, असं बोलणं माझ्या कानावर यायचं. चहाच्या वेळी मी गेले की विषय बदलायचा. माझ्या मनात ताईंबद्दल राग नव्हता. त्यांचं सांगणं चुकीचं होतं, पण कोरडं नव्हतं. हे मी कोणाला समजावून सांगत बसले नाही.

त्यातच आणखी एक घडलं. एका मंगळवारी सकाळी, बाहेर तुडुंब गर्दी असताना डेटाबेस बंद पडला. कोणालाच आत जाता येईना. कोणी काय पाहिलं याची नोंद मी ठेवायला लावली होती, ती फुगत फुगत गेली आणि तिनं सगळी डिस्क भरून टाकली. डिस्कवर जागा नसली की डेटाबेसला नवीन काही लिहिता येत नाही, आणि तो थांबतो. मी जुन्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर हलवल्या, जागा केली, सर्व्हर उठवला. काम तसं लवकर झालं, पण रांगेतल्या लोकांसाठी ते लवकर नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसानं खिडकीवरच्या मुलीला विचारलेलं मी ऐकलं, कम्प्युटर बिमार झाला काय. मॅडम फक्त दारात येऊन उभ्या राहिल्या. तेच जास्त लागलं.

मी काकांना फोन केला. त्यांनी हसत विचारलं, नोंदी ठेवायला स्वतंत्र डिस्क दिली होती का. नव्हती. डिस्क किती भरली याचा निरोप आधीच यायची सोय केली होती का. तीही नव्हती. दोन्ही करून टाक, म्हणाले, आणि जुन्या नोंदी ठराविक काळानं बाजूला काढायची सोयही कर. मग त्यांनी आणखी एक विचारलं, ज्याचा विचार मी केलाच नव्हता. तू स्वतः काय पाहतेस याची नोंद कुठे राहते? मी म्हटलं, त्याच सर्व्हरवर. "मंग ते तुले पुसता येते," काका म्हणाले. "तुह्या नोंदी तुह्या हाताबाहेर पायजे. मॅडमच्या खोलीत पाठव."

त्या आठवड्यात मॅडमच्या खोलीत एक छोटा कम्प्युटर बसला. माझ्या लॉगिनची प्रत्येक हालचाल तिथे जाऊ लागली आणि त्याची किल्ली मॅडमकडं राहिली. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं झालं. नंतर त्यानं मोकळं वाटायला लागलं.

हे सगळं मार्गी लागल्यावर मॅडम म्हणाल्या, आपण झरीला जाऊन येऊ. त्यांना त्या मायलेकींना तोंडावर सांगायचं होतं की गोष्ट आमच्याकडूनच बाहेर गेली. आम्ही दवाखान्याच्या गाडीनं निघालो. महागाव, आर्णी, घाटंजी करत पांढरकवड्याच्या पुढं गेलो. पोड डांबरी रस्त्यापासून आत होतं; दोन्ही बाजूंना सागाचं रान, मध्ये कपाशी आणि तुरीचे तुकडे. मुलगी सुट्टीला घरी आलेली होती. बाईनं अंगणात बाज टाकली, पाणी दिलं, आणि काळा चहा केला.

मॅडमनी माफी मागितली. ती सरळ शब्दांत मागितली, कारणं दिली नाहीत. बाई खाली पाहत ऐकत होती. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मॅडमचं बोलणं झाल्यावर ती म्हणाली, "मले माफी नको. माहं नाव कोन उघडून पायते, ते मले समजलं पायजे."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, होईल. नोंद तर ठेवतोच आहोत, ती ज्याची त्याला दाखवायची नाही असं कुठं ठरलंय? इतके दिवस मी ती नोंद दवाखान्यासाठी ठेवली जात आहे असं समजत होते. मॅडमना किंवा मला कधी चौकशी करावी लागली तर उपयोगी पडेल म्हणून. ती नोंद खरी त्या मुलीची आहे हे मला त्या अंगणात कळलं. निघताना बाईनं आम्हाला शेतातल्या तुरीच्या ओल्या शेंगा बांधून दिल्या. मुलगी गाडीपर्यंत आली आणि विचारलं, कधीपर्यंत होईल. मी महिना सांगितला. ती म्हणाली, मी येईन.

ती खरंच आली. तोवर आमच्या नोंदणीच्या खिडकीवर एक सोय झाली होती. आपलं कार्ड आणि ओळखपत्र दाखवलं की आपली माहिती कोणत्या टेबलावरून, कोणत्या दिवशी उघडली गेली याचा कागद छापून मिळायचा. पहिला कागद तिचा निघाला. नवी व्यवस्था सुरू झाल्यापासून तिचं नाव कोणीच उघडलं नव्हतं, म्हणून कागद जवळजवळ कोराच होता. तिनं तो घडी घालून पिशवीत ठेवला. मग तिनं मला सांगितलं की तिनं नर्सिंगसाठी अर्ज केला आहे आणि लग्नाचं आता घाईनं काही नाही. ड्रेसिंगच्या खोलीतल्या ताई तेवढ्यात बाहेर आल्या. ती कोण आहे हे त्यांना कळलं होतं. दोघी बाकावर बसून बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. नंतर मॅडमनी ताईंना कॉलेजांतल्या शिबिरांना न्यायला सुरुवात केली. तिथं त्या बहिणीच्या मुलाची गोष्ट स्वतः सांगतात, आणि लग्नाआधी दोघांनी एकमेकांना विचारा, दुसऱ्या कोणाला विचारू नका, असं म्हणतात.

याला वर्ष होत आलं तेव्हा माझ्या भावासाठी स्थळ पाहणं सुरू झालं. दिग्रसकडची मुलगी, फार्मसी शिकलेली, औषधाच्या दुकानात कामाला. मुलगी मायला आवडली, भावालाही. मी शनिवारी फुलसावंगीला गेले तेव्हा माय गहू निवडत बसली होती. भाऊ दुकानातून यायचा होता. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या पोरीचं नाव तुमच्या दवाखान्यात असेल ना. दिग्रसच्या कॉलेजात तुमचं शिबिर झालं होतं म्हणे.

मला तिचा रोख कळला. मी म्हटलं, असेल, पण मी पाहणार नाही.

माय शांतपणे गहू निवडत राहिली. भाऊ वाहक आहे, हे तिनं मला आठवण करून दिलं, जणू मला माहीत नव्हतं. उद्या काही झालं तर आपणच रडत बसू, असं म्हणाली. एकदा पाहिलं तर कोणाचं काय जातं? मी तिला सांगितलं की मी पाहिलं तर त्याची नोंद राहते, आणि ती मॅडमकडं जाते. मग लगेच हेही सांगितलं की नोंद राहत नसती तरी मी पाहिलं नसतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुह्या हातात अर्धा जिल्हा हाय," ती म्हणाली, "अन् सख्ख्या भावासाठी एक नाव पाहता येत नाई?"

"माय, ते माह्या हातात ठेवाले देलं हाय," मी म्हणाले. "पाहाले नाई."

ती त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलली नाही. मला वाईट वाटत होतं. तिची भीती खोटी नव्हती. आमच्या वस्तीत तिनं अशी मुलं पाहिली होती. भावाला मी अंगणात नेऊन सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, मग तिलाच विचारतो. आधी माझं सांगतो, मग तिचं विचारतो.

पुढच्या रविवारी तो दिग्रसला गेला. त्यानं तिला सांगितलं की तो वाहक आहे. ती म्हणाली, तिची तपासणी कधी झालीच नाही. कॉलेजात शिबिर होतं त्या दिवशी ती आजारी होती. ती आमच्या दवाखान्यात येऊन रक्त देऊन गेली. मी तेव्हा सर्व्हरच्या खोलीत होते. तिचा निकाल माझ्यापासून एका भिंतीपलीकडं तयार होत होता, आणि मी त्या आठवड्यात यूपीएसच्या बॅटऱ्या बदलण्यात स्वतःला गुंतवून घेतलं, हे कबूल करते.

निकाल मला घरीच कळला. ती आईवडिलांसोबत आमच्याकडं आली होती. जय भीम झालं, पाणी झालं, आणि तिनंच सगळ्यांसमोर सांगितलं की ती वाहक नाही. माय उठून आत गेली. मी मागोमाग गेले तेव्हा ती चुलीजवळ पदर डोळ्यांना लावून उभी होती. मला म्हणाली, पोहे कर, मला काही सुचत नाही.

लग्न गावातल्या विहारात झालं. मॅडम आल्या होत्या, नागपूरहून काकाही आले. काकांनी मांडवात बसल्या बसल्या मला विचारलं की या महिन्यात बॅकअप उतरवून पाहिला का. मी पाहिला होता.

माय आता वस्तीतल्या बायांना पोरापोरींचं रक्त तपासून घ्यायला सांगते. आमच्या दवाखान्यात पाठवते. कोणी तिला विचारलं की तुमची पोरगी तिथंच आहे, अमक्याच्या पोरीचं काय ते सांगेल का, तर माय त्यांना सांगते की माझी पोरगी मलाही सांगत नाही. हे सांगताना तिचा आवाज तक्रारीचा असतो. पण ती ते गल्लीतल्या प्रत्येकीला आवर्जून सांगते.